शोधशब्दांची ‘स्पर्धा’ : एका संकल्पनेची चिकित्सा
(मोरगाव व अष्टविनायक स्थलनामांच्या विशेष संदर्भात)

सारांश

शोधयंत्रांसाठी संकेतस्थळाची मांडणी करताना कोणता शोधशब्द निवडावा, हे ठरविण्यासाठी ‘कीवर्ड स्पर्धा’ या मापाचा आधार घेतला जातो. महाविद्यालयीन प्रकल्प अहवालांत हे माप बहुधा प्रश्न न विचारता स्वीकारलेले दिसते. प्रस्तुत लेखात या संकल्पनेचे तीन प्रचलित अर्थ वेगळे करून दाखविले आहेत. मोरगाव (ता. बारामती, जि. पुणे) या स्थलनामाच्या व अष्टविनायकांतील इतर स्थलनामांच्या आधारे, ही मापे मराठी शोधशब्दांना लावली असता काय घडते याची चिकित्सा केली आहे. मराठीचे लेखनभेद, प्रत्ययप्रक्रिया व चांद्र पंचांग या तीन कारणांनी मराठी शब्दांचे मूल्य पद्धतशीरपणे कमी दिसते, असे प्रतिपादन असून शेवटी पर्यायी मूल्यमापनाची दिशा सुचविली आहे.

बीजसंज्ञा : शोधयंत्र, शोधशब्द, स्पर्धा, मराठी लेखननियम, स्थलनामे, अष्टविनायक, मोरगाव.

१. प्रस्तावना

वाणिज्य, संगणकशास्त्र आणि पर्यटन या विषयांच्या अभ्यासक्रमांत ‘डिजिटल मार्केटिंग’ या घटकाचा समावेश होऊन आता बराच काळ लोटला आहे. या घटकावरील प्रकल्प अहवालांत एक तक्ता हमखास आढळतो. पहिल्या स्तंभात शोधशब्द, दुसऱ्यात दरमहा होणाऱ्या शोधांची संख्या आणि तिसऱ्यात ‘स्पर्धा’. तिसऱ्या स्तंभात ‘कमी’, ‘मध्यम’, ‘जास्त’ अशी श्रेणी असते किंवा शून्य ते शंभर यांमधील एखादा अंक असतो. ज्या शब्दाला शोध अधिक व स्पर्धा कमी, तो शब्द निवडावा, असा निष्कर्ष त्याखाली लिहिलेला असतो. मार्गदर्शक प्राध्यापक तक्ता पाहतात, परीक्षक बेरजा पाहतात. परंतु ‘स्पर्धा’ म्हणजे कोणाची कोणाशी आणि कशासाठी, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही.

हा प्रश्न केवळ पारिभाषिक नाही. मोरगावसारख्या तीर्थक्षेत्री खानावळ, निवास, हार-फुले-दूर्वा, नारळ व पेढ्यांची दुकाने आणि भाड्याच्या मोटारी असा मोठा व्यवहार यात्रेकरूंवर अवलंबून आहे. यात्रेकरू आज घरातून निघण्यापूर्वीच भ्रमणध्वनीवर शोध घेतो. लहान व्यावसायिकाने संकेतस्थळासाठी खर्च करावा की नाही, केल्यास मराठीत मजकूर ठेवावा की इंग्रजीत, हे अनेकदा अशाच एखाद्या तक्त्यावरून ठरते. ‘मराठी शब्दाला शोधच नाहीत’ असे तक्त्याने सांगितले की मराठी मजकूर लिहिला जात नाही. मजकूर नसला की वाचक इंग्रजीकडे वळतो आणि पुढील वर्षीचा तक्ता आधीच्या निष्कर्षाला दुजोरा देतो. म्हणजे जे माप वास्तव मोजते असे आपण मानतो, तेच काही अंशी वास्तव घडवीत असते. म्हणूनच या मापाची चिकित्सा होणे अगत्याचे आहे.

२. मोरगाव : एक नाव, अनेक शोध

कऱ्हा नदीच्या काठी वसलेले मोरगाव हे अष्टविनायकांतील पहिले स्थान मानले जाते. यात्रेचा आरंभ मयूरेश्वराच्या दर्शनाने करावा व शेवटही येथेच करावा, असा संकेत आहे. गाणपत्य संप्रदायात या क्षेत्राचे स्थान मध्यवर्ती असून मोरया गोसावींच्या परंपरेमुळे चिंचवड व मोरगाव यांचे नाते दृढ झाले आहे. भाद्रपद व माघ महिन्यांत चिंचवडहून मंगलमूर्तींची पालखी मोरगावला येते. अशा स्थळाचे नाव हा शोधशब्द म्हणून अगदी सोपा असावा, असे प्रथमदर्शनी वाटते. प्रत्यक्षात तसे नाही.

पहिली अडचण समान नावांची. गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगाव हा तालुका आहे व त्याच नावाचा विधानसभा मतदारसंघही आहे. निवडणुकीच्या काळात ‘मोरगाव’ या शब्दाचे शोध वाढले, तर त्यांतील किती मयूरेश्वराच्या दर्शनासाठी व किती मतमोजणीच्या निकालासाठी, हे संख्या सांगत नाही. आसाममध्ये मोरीगाव नावाचा जिल्हा आहे. रोमन लिपीत त्याचे व आपल्या मोरगावचे लेखन एका अक्षराच्या अंतरावर येते.

अष्टविनायकांतील इतर नावांची स्थिती याहून गुंतागुंतीची आहे. वरदविनायकाचे गाव ‘महड’ हे रायगड जिल्ह्यातील खालापूर तालुक्यात आहे, तर १९२७ च्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहामुळे इतिहासात अजरामर झालेले ‘महाड’ हे त्याच जिल्ह्यातील दुसरे गाव. देवनागरीत दोहोंमध्ये एका कान्याचा फरक आहे. रोमन लिपीत तोही उरत नाही. ‘पाली’ हे बल्लाळेश्वराचे गाव आहे, राजस्थानातील एक जिल्हा आहे आणि बौद्ध वाङ्मयाची एक प्राचीन भाषाही आहे. ‘ओझर’ म्हटले की जुन्नर तालुक्यातील भाविकाला विघ्नेश्वर आठवतो आणि नाशिककराला विमाननिर्मितीचा कारखाना. ‘सिद्धिविनायक’ या शब्दावर भीमाकाठच्या सिद्धटेकापेक्षा मुंबईतील प्रभादेवीच्या मंदिराचे वर्चस्व असणे स्वाभाविक आहे. लेण्याद्रीचे गाव एकच, परंतु तेथे गिरिजात्मजाचे दर्शन घेणारा आणि बौद्ध लेण्यांचा अभ्यास करणारा असे दोन शोधक संभवतात. रांजणगावही एकच, पण महागणपतीचा भक्त व औद्योगिक वसाहतीत नोकरी शोधणारा तरुण एकच शब्द टंकलिखित करतात.

तात्पर्य, शोधशब्द हे बाजारपेठेचे एकक मानता येत नाही. एका शब्दात अनेक बाजारपेठा दडलेल्या असतात. त्या वेगळ्या केल्याशिवाय ‘या शब्दाला स्पर्धा किती’ हा प्रश्नच अपुरा राहतो.

३. ‘स्पर्धा’ या संज्ञेचे तीन अर्थ

प्रचलित साधनांत ‘स्पर्धा’ हा शब्द किमान तीन भिन्न अर्थांनी वापरला जातो. ते एकमेकांत मिसळल्यामुळे बहुतेक गोंधळ होतो.

३.१ लिलावातील स्पर्धा

गुगलने ऑक्टोबर २००० मध्ये ‘अ‍ॅडवर्ड्स’ ही जाहिरातसेवा सुरू केली. २०१८ पासून ती ‘गुगल अ‍ॅड्स’ या नावाने ओळखली जाते. जाहिरातदारांसाठी शब्द सुचविणारे ‘कीवर्ड प्लॅनर’ हे साधन २०१३ मध्ये आले. त्यातील ‘स्पर्धा’ हा स्तंभ विद्यार्थ्यांच्या तक्त्यांत सर्वाधिक उतरविला जातो. वास्तविक हा स्तंभ केवळ जाहिरातदारांविषयी आहे. एखाद्या शब्दावर बोली लावणारे जाहिरातदार इतर शब्दांच्या तुलनेत किती, एवढेच तो सांगतो. जाहिरात न देता, मजकुराच्या गुणवत्तेवर पहिल्या पानावर येणे किती अवघड आहे, याविषयी तो मौन बाळगतो.

या फरकाचा परिणाम मोरगावच्या उदाहरणात स्पष्ट होतो. ‘अष्टविनायक यात्रा पॅकेज’ या शब्दावर सहल कंपन्यांना जाहिरात देणे परवडते, कारण एका ग्राहकामागे मिळकत मोठी. ‘मोरगाव मंदिर दर्शन वेळ’ या शब्दावर जाहिरात देऊन कोणाला काय मिळणार? त्यामुळे तेथे स्पर्धा ‘कमी’ अशी नोंद होणे अपेक्षितच आहे. परंतु विनाशुल्क निकालांत याच शब्दासाठी शासकीय पर्यटन संकेतस्थळे, वृत्तपत्रे, विश्वकोश, चित्रफिती व नकाशा अशी सर्व बलाढ्य मंडळी उभी असतात. जाहिरातीच्या दृष्टीने ओसाड असलेली जागा वाचनाच्या दृष्टीने गजबजलेली असू शकते. ‘कमी’ या श्रेणीवर विसंबून एखाद्या नवख्या व्यावसायिकाने याच शब्दाभोवती संकेतस्थळ उभारले, तर त्याचे श्रम वाया जाण्याची शक्यता अधिक.

याच साधनातील शोधसंख्येबाबतही सावधगिरी हवी. जाहिरातीवर फारसा खर्च न करणाऱ्या खात्यांना २०१६ पासून नेमक्या संख्येऐवजी ‘शंभर ते एक हजार’ अशी ऐसपैस मर्यादा दाखविली जाऊ लागली. महाविद्यालयातील विद्यार्थी जाहिरातीवर खर्च करीत नाही. त्याच्या हाती ही ढोबळ मर्यादाच येते. तिचा मध्य काढून दशांश चिन्हापर्यंत गणित करणे म्हणजे दोरीने मोजून मिलिमीटरमध्ये लिहिणे होय.

३.२ पानांच्या संख्येची स्पर्धा

एकविसाव्या शतकाच्या आरंभी ‘कीवर्ड इफेक्टिव्हनेस इंडेक्स’ अर्थात शोधशब्द परिणामकारकता निर्देशांक हे सूत्र लोकप्रिय झाले. सुमंत्र रॉय यांच्या नावाने ते ओळखले जाते. शोधसंख्येचा वर्ग करून त्याला त्या शब्दाच्या पानांच्या संख्येने भागावे. भागाकार जितका मोठा तितका शब्द चांगला, असे त्याचे स्वरूप आहे. सूत्र आटोपशीर असल्याने अहवालांत ते आजही आढळते.

त्यावर दोन आक्षेप आहेत. पहिला सर्वपरिचित आहे. शोधयंत्र जी निकालसंख्या दाखविते ती अंदाजाची असते आणि तीमधील बहुसंख्य पाने कोणी कधीच पाहत नाही. लाखो पाने असली तरी खरी गाठ पहिल्या दहांशीच पडते. मॅरेथॉनमध्ये किती जण धावले यावरून पहिल्या तिघांत येणे किती कठीण हे ठरत नाही. पहिले तिघे किती वेगवान आहेत यावरून ते ठरते.

दुसरा आक्षेप मराठीच्या दृष्टीने अधिक गंभीर आहे व त्याची चर्चा फारशी झालेली दिसत नाही. सूत्रात शोधसंख्येचा वर्ग आहे. त्यामुळे एकच आशय अनेक लेखनरूपांत विभागला गेला की निर्देशांक घसरतो. केवळ स्पष्टीकरणासाठी एक कल्पित उदाहरण घेऊ. एखाद्या आशयासाठी दरमहा ३०० शोध व ३,००० पाने आहेत. निर्देशांक येतो ३००×३००÷३,००० म्हणजे ३०. आता हाच आशय तीन लेखनरूपांत समप्रमाणात विभागला, तर प्रत्येक रूपाला १०० शोध व १,००० पाने येतात आणि प्रत्येकाचा निर्देशांक १०० × १०० ÷ १,००० म्हणजे १० भरतो. मागणी तेवढीच, पुरवठा तेवढाच. तरीही मूल्य एकतृतीयांश. सर्वसाधारणपणे, आशय जितक्या समान रूपांत विभागला जाईल तितक्या पटीने निर्देशांक कमी होतो. ज्या भाषेचे लेखन स्थिर आहे तिला हे सूत्र झुकते माप देते आणि ज्या भाषेत लेखनभेद अधिक आहेत तिला दंड करते. हा दोष विद्यार्थ्याच्या हातून झालेल्या आकडेमोडीचा नाही. तो सूत्राच्या रचनेतच आहे.

३.३ दुव्यांच्या बळाची स्पर्धा

लॅरी पेज व सर्गी ब्रिन यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात पानांना मिळणाऱ्या दुव्यांवरून त्यांचे महत्त्व ठरविण्याची कल्पना मांडली. त्या विचारातून पुढे ‘काठिण्यांक’ मोजणारी व्यावसायिक साधने आली. ‘अ‍ॅरेफ्स’ या साधनाचा काठिण्यांक पहिल्या दहा पानांना किती वेगवेगळ्या संकेतस्थळांवरून दुवे मिळाले आहेत यावर आधारलेला असतो. ‘मॉझ’ या साधनात पानाचा व संकेतस्थळाचा ‘अधिकार’ विचारात घेतला जातो. वरील दोन मापांपेक्षा हे माप वास्तवाच्या अधिक जवळ जाते, हे मान्य केले पाहिजे. कारण ते किमान पहिल्या दहांकडे पाहते.

परंतु दुवे देणे ही एक सामाजिक सवय आहे व ती सर्व भाषांत सारखी रुजलेली नाही. मराठीतील बरीच चर्चा आता बंदिस्त समूहांत, चित्रफितींत व अग्रेषित संदेशांत होते. तेथे दिलेले दुवे या साधनांच्या मोजणीत येत नाहीत. परिणामी मराठी शब्दांचा काठिण्यांक शून्याच्या आसपास रेंगाळतो. या शून्याचा अर्थ ‘दुवे मोजता आले नाहीत’ असा आहे. वाचणारा मात्र तो ‘स्पर्धा नाही’ असा घेतो. शिवाय एखाद्या मोठ्या वृत्तपत्राच्या संकेतस्थळावरील मोरगावविषयक पानाला स्वतंत्र दुवे नसले, तरी त्या संकेतस्थळाची प्रतिष्ठा त्या पानामागे उभी असते. पानापुरते दुवे मोजणाऱ्या अंकात ती उतरत नाही.

४. मराठी शब्दरूपांचा प्रश्न

वर लेखनरूपांच्या विभागणीचा उल्लेख आला. ही विभागणी मराठीत चार पातळ्यांवर होते.

पहिली पातळी शुद्धलेखनाची. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार वगळले, त्यामुळे ‘गांव’चे ‘गाव’ झाले. परंतु जुन्या पाट्या, जुनी पुस्तके व अनेकांच्या हाताची सवय यांमुळे ‘मोरगांव’ हे रूप आजही जिवंत आहे. देवाच्या नावाचीही तीच गत. ‘मयूरेश्वर’ हे तत्सम रूप, ‘मयुरेश्वर’ हे सर्रास दिसणारे ऱ्हस्व रूप आणि ‘मोरेश्वर’ हे प्रचलित नाव. गाव व देव यांची ही रूपे एकत्र योजिली की केवळ दोन शब्दांच्या शोधातून सहा जोड्या तयार होतात.

दुसरी पातळी प्रत्ययांची. हिंदीत शब्दयोगी ‘का’, ‘को’, ‘में’ हे नामापासून वेगळे लिहिले जातात. मराठीत प्रत्यय नामाला जोडूनच येतो. ‘मोरगावचा गणपती’, ‘मोरगावला कसे जावे’, ‘मोरगावात राहण्याची सोय’, ‘मोरगावजवळील ठिकाणे’ यांत मूळ नाव चार वेगळ्या शब्दांचा भाग होते. कित्येकदा सामान्यरूपामुळे मूळ नावच बदलते. ‘पुणे’ हा शब्द ‘पुण्याहून मोरगाव’ या शोधात दिसतच नाही. २०१७ मध्ये गुगलने आवाजी टंकनात मराठीचा समावेश केल्यानंतर लोक तुटक शब्दांऐवजी पूर्ण वाक्ये बोलून शोधू लागले, तर प्रत्ययांचा हा विस्तार वाढणारच. मूळ शब्दापुरती संख्या पाहणारा अभ्यासक या विस्ताराला मुकतो.

तिसरी पातळी संकेतनाची, आणि ती डोळ्यांना दिसत नाही. मोरगावच्या नदीचेच नाव घ्यावे. ‘कऱ्हा’ या शब्दातील अर्धा र युनिकोडमध्ये दोन रीतींनी साधता येतो. एका रीतीत ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर व हलन्त चिन्ह वापरले जाते. दुसरीत साधा ‘र’, हलन्त व त्यानंतर एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाच्या लेखी मात्र ते भिन्न अक्षरसमूह आहेत. ज्याच्या कळफलकावर यांपैकी काहीच सोपे नाही, तो रफार देऊन ‘कर्हा’ असे लिहितो. याखेरीज युनिकोडपूर्व काळात अनेक मराठी संकेतस्थळे स्वतःच्या खास टंकांत मजकूर ठेवीत. तो मजकूर शोधयंत्रांच्या दृष्टीने मराठी नव्हताच. म्हणजे मराठीच्या जालीय लेखनाचा एक मोठा कालखंड मोजणीबाहेर राहिला.

चौथी पातळी लिपीची. मराठीत विचार करणारा पुष्कळदा रोमन लिपीत टंकन करतो. तेथे ‘मोरगाव’ या नावात मधे ‘ई’ घालावी की नाही, शेवटी ‘ओ-एन’ लिहावे की ‘व्ही’, याला नियम नाही. ‘अष्टविनायक’ रोमनमध्ये लिहिण्याचे पर्याय तर याहून अधिक. असा शोध इंग्रजीच्या खात्यात जमा होतो आणि ‘लोक इंग्रजीतच शोधतात’ या समजुतीला बळ मिळते. वस्तुतः लिपी रोमन असली तरी ‘गणपती मंदिर कसे जायचे’ असा शोध घेणाऱ्याची भाषा मराठीच आहे आणि त्याला मराठी उत्तर नकोसे असण्याचे कारण नाही.

येथे एक विसंगती नोंदविणे आवश्यक आहे. शोधयंत्रे स्वतः आता केवळ अक्षरे जुळवीत नाहीत. २०१३ पासून झालेल्या बदलांनी, विशेषतः ‘बर्ट’ हे भाषिक प्रारूप २०१९ अखेर सत्तरांहून अधिक भाषांत लागू झाल्यानंतर, शोधामागील आशय ओळखण्याचा प्रयत्न होतो. म्हणजे पानांची खरी चढाओढ आशयाच्या पातळीवर होते, तर तक्त्यातील मोजणी अक्षरांच्या पातळीवर राहते. ज्या पातळीवर लढाई आहे त्या पातळीवर मोजमाप नाही, हे या पद्धतीचे मुख्य वैगुण्य होय.

५. पंचांग आणि बारा महिन्यांची सरासरी

शोधसंख्या सामान्यतः बारा महिन्यांच्या सरासरीने दिली जाते. तीर्थक्षेत्राच्या बाबतीत ही सरासरी दिशाभूल करते. मोरगावची गर्दी भाद्रपद व माघातील उत्सवांत, विनायकी व संकष्टी चतुर्थीला आणि विशेषतः अंगारकीला वाढते. शोधही त्याच लयीत वाढणार, असे मानणे रास्त आहे. सरासरीमुळे ही शिखरे सपाट होतात आणि शब्द ‘सामान्य’ वाटू लागतो.

तुलना करतानाही अडचण येते. गणेश चतुर्थी २०२३ मध्ये १९ सप्टेंबरला, २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला आणि २०२५ मध्ये २७ ऑगस्टला आली. ऑगस्ट २०२४ शी ऑगस्ट २०२५ ची तुलना करून ‘शोधांत मोठी वाढ झाली’ असा निष्कर्ष काढला, तर ती वाढ पंचांगाची असेल, लोकप्रियतेची नव्हे. २०२३ मध्ये अधिक श्रावणामुळे सण पुढे गेले होते, याचीही नोंद घ्यावी लागते. अशा अभ्यासात इंग्रजी महिन्यांऐवजी तिथी हा आधार घेतला, म्हणजे चतुर्थीपूर्वीचे काही आठवडे वर्षानुवर्षे एकमेकांसमोर ठेवले, तरच तुलना न्याय्य ठरेल. स्पर्धेचेही तसेच आहे. उत्सवकाळात वृत्तपत्रांच्या ताज्या बातम्या वरच्या जागा घेतात. इतर महिन्यांत त्या मागे पडतात. एकाच शब्दाची स्पर्धा आषाढात एक आणि भाद्रपदात दुसरी असू शकते.

६. स्पर्धक कोण?

अर्थशास्त्रात स्पर्धेची मोजणी केवळ विक्रेत्यांच्या संख्येवरून होत नाही. जो बेन यांनी १९५६ च्या आपल्या ग्रंथात नव्या विक्रेत्याच्या प्रवेशातील अडथळ्यांना महत्त्व दिले. भारताच्या २००२ च्या स्पर्धा कायद्यात ‘संबंधित बाजारपेठ’ ही संकल्पना आहे. कोणत्या वस्तूची व कोणत्या भूभागातील बाजारपेठ हे ठरल्यावरच स्पर्धेचा विचार होतो. शोधशब्दांच्या अभ्यासात ही शिस्त आणावयास हवी. ‘मोरगावात राहण्याची सोय’ या शोधाची बाजारपेठ मोरगाव, जेजुरी व बारामती परिसरापुरती आहे. तेथे परदेशी प्रवासलेखकाचे पान स्पर्धक ठरत नाही, पण नकाशावर नोंद असलेला शेजारचा निवास ठरतो.

याहून महत्त्वाचा मुद्दा असा की शोधयंत्र हे केवळ मैदान नाही. ते स्वतः खेळाडूही आहे. फेब्रुवारी २०१८ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने शोधनिकालांतील पक्षपाताबद्दल गुगलला १३५.८६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. विमानप्रवासासंबंधीच्या निकालांत स्वतःच्या घटकाला दिलेले ठळक स्थान हा त्यातील एक मुद्दा होता. या आदेशाविरुद्ध अपीलही झाले. निवाड्याची कायदेशीर बाजू काहीही असो, अभ्यासकासाठी त्यातील धडा स्पष्ट आहे. नकाशा, माहितीचौकट, चित्रफिती आणि ऑगस्ट २०२४ पासून भारतात दिसू लागलेली यंत्ररचित सारांश-उत्तरे ही सर्व वाचकाचे लक्ष वेधून घेतात. ‘मोरगाव मंदिर किती वाजता उघडते’ याचे उत्तर निकालपृष्ठावरच मिळाले, तर पहिल्या क्रमांकाच्या पानालाही वाचक मिळेलच असे नाही. तिन्ही प्रचलित मापांत या स्पर्धकाला स्थान नाही.

७. एक संभाव्य आक्षेप

असे म्हणता येईल की ही मापे केवळ तुलनेसाठी आहेत. ती निरपेक्ष सत्य सांगण्याचा दावा करीत नाहीत आणि व्यवहारात वेळ मर्यादित असल्याने ढोबळ मापही उपयोगी पडते. या म्हणण्यात तथ्य आहे. शेकडो शब्दांतून दहा शब्द प्राथमिक छाननीसाठी वेगळे काढताना, विशेषतः इंग्रजीतील व्यापारी शब्दांच्या बाबतीत, काठिण्यांक वेळ वाचवितो. परंतु तुलना न्याय्य होण्यासाठी तुलनेतील चूक सर्व बाजूंना सारखी असावी लागते. येथे चूक एकाच बाजूला झुकते. इंग्रजी व मराठी शब्द एकाच तक्त्यात ठेवले की मराठीची संख्या फुटलेली असते व दुवे मोजले गेलेले नसतात. अशा तक्त्यावरून भाषेची निवड करणे हे शास्त्रीय ठरत नाही.

८. पर्यायी मूल्यमापनाची दिशा

वरील चिकित्सेच्या आधारे महाविद्यालयीन प्रकल्पांसाठी पुढील क्रम सुचवावासा वाटतो.

(अ) प्रथम आशय निश्चित करावा. ‘मोरगाव’ या एकट्या शब्दाऐवजी ‘पुण्याहून एका दिवसात मयूरेश्वराचे दर्शन घेऊन परत येणे’ असा शोधकाचा हेतू वाक्यात लिहावा.

(आ) त्या आशयाचे रूपपत्रक तयार करावे. जुने-नवे लेखन, ऱ्हस्व-दीर्घ भेद, प्रत्यययुक्त रूपे, रोमन रूपे यांची नोंद करून संख्या एकत्रच वाचाव्यात. या कामी मराठी विभागाचे साहाय्य घ्यावे.

(इ) समान नावे वेगळी काढावीत. ‘गुगल ट्रेंड्स’मध्ये शब्द व विषय असे स्वतंत्र पर्याय असतात; जेथे विषय उपलब्ध असेल तेथे तो निवडून राज्यनिहाय फरक पाहावा. मात्र तेथील शून्य ते शंभर हे अंक सापेक्ष असतात, ते शोधांची संख्या नव्हेत, हे विसरू नये.

(ई) पहिले निकालपृष्ठ प्रत्यक्ष वाचावे. खात्यातून बाहेर पडून, किमान दोन भिन्न ठिकाणांहून व भ्रमणध्वनीवर पाहावे. प्रत्येक पानाविषयी चार प्रश्न विचारावेत : ते नेमके याच आशयाचे उत्तर देते काय, मजकूर कोणत्या भाषेत आहे, माहिती कधीची आहे, आणि लिहिणाऱ्याला स्थळाची प्रत्यक्ष ओळख दिसते काय. दहांपैकी बहुतेक पानांत तीच ती स्थळमाहिती फिरविलेली असेल आणि वाहनतळ, गर्दीचे दिवस, ज्येष्ठांसाठीची सोय यांविषयी काहीच नसेल, तर तेथे खरी जागा आहे, काठिण्यांक काहीही असो.

(उ) निरीक्षणे तिथीनुसार नोंदवावीत. एक उत्सवकाळातील व एक इतर काळातील.

(ऊ) पान प्रसिद्ध झाल्यावर ‘सर्च कन्सोल’मधून ते कोणत्या शोधांना दिसले हे पाहावे. अत्यंत विरळ शोध तेथेही गोपनीयतेसाठी वगळले जातात. तरीही ज्या शब्दांना नियोजनसाधनाने आकडाच दिला नव्हता, असे शब्द येथे प्रत्यक्ष भेटू शकतात. आधीचा अंदाज व नंतरचा अनुभव यांतील अंतर हाच प्रकल्पाचा निष्कर्ष असावा.

ही पद्धत श्रमाची आहे, यात शंका नाही. एका विद्यार्थ्याला एका सत्रात शंभर शब्द हाताळता येणार नाहीत. पाच हाताळता येतील. परंतु पाच शब्दांचे वाचन करणारा विद्यार्थी भाषा, भूगोल व व्यवहार यांचा संबंध शिकतो. शंभर अंक उतरवून घेणारा केवळ उतरविणे शिकतो.

९. निष्कर्ष

‘कीवर्ड स्पर्धा’ हे एक माप नसून तीन भिन्न मापांना मिळालेले एक नाव आहे. जाहिरातीचा लिलाव, पानांची गर्दी व दुव्यांचे बळ यांपैकी कोणत्याही एका मापाने मराठी शोधशब्दाचे काठिण्य यथार्थपणे कळत नाही. लेखनभेद, प्रत्यय, संकेतन व लिपी यांमुळे मराठीची मागणी विखुरलेली दिसते, दुव्यांच्या अभावी तिची स्पर्धा शून्य भासते आणि सरासरीमुळे तिचा उत्सवी ताल हरवतो. या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की मराठीत लिहू नये, असा निष्कर्ष आपोआप निघतो; तो निष्कर्ष मोजपट्टीचा आहे, वाचकांचा नाही.

प्रकल्प अहवाल तपासणाऱ्या अध्यापकांनी ‘स्पर्धा’ या स्तंभाशेजारी एकच प्रश्न लिहिण्याचा परिपाठ ठेवावा : हा अंक कोणी, कशाचा आणि कोणासाठी मोजला? विद्यार्थ्याला त्याचे उत्तर देता आले, तर तक्ता स्वीकारावा. देता आले नाही, तर त्याला मोरगावला पाठवावे आणि मंदिराच्या वाटेवरील दहा यात्रेकरूंना, ते येण्यापूर्वी काय शोधून आले आणि त्यांना काय सापडले नाही, हे विचारून यावयास सांगावे. त्या दहा उत्तरांतून निघणारा शब्दसंग्रह कोणत्याही तयार सूचीपेक्षा अधिक विश्वसनीय ठरेल.